व्हर्च्युअल मशीनची डिस्क साटावरून (डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) व्हर्टआयओवर (खास व्हर्च्युअल मशीनसाठीची जोडणी) नेल्यावर विंडोज 10 ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी निळी स्क्रीन दाखवून सारखं रिस्टार्ट होतंय. डेटा गेला का? विंडोज नव्याने टाकावं लागेल का?

डेटा जागेवरच आहे आणि विंडोज नव्याने टाकायची गरज नाही. स्क्रीनवर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ दिसतंय असं तुम्ही लिहिलंय, त्यावरूनच घोळ लक्षात येतो. बूटलोडर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, मशीनच्या फर्मवेअरच्या आधाराने डिस्क वाचतो, म्हणून लोगोपर्यंत सगळं सुरळीत चालतं. पुढे कर्नलला, म्हणजे विंडोजच्या गाभ्याला, स्वतःचा ड्रायव्हर लागतो, आणि व्हर्टआयओचा ड्रायव्हर विंडोजसोबत येत नाही. मग ज्या डिस्कवरून कर्नल सुरू झाला, तीच त्याला दिसेनाशी होते. मिनीडंप, म्हणजे क्रॅशची नोंद असलेली फाइल, शोधत बसू नका. डंप लिहायला तरी डिस्क दिसायला हवी ना! स्टार्टअप रिपेअरही इथे नुसता वेळ खातो.

मशीन बंद करून डिस्क परत साटावर न्या. विंडोज पूर्वीसारखं सुरू होईल.

आता खरी मेख. बरेच जण इथे ड्रायव्हर टाकतात, लगेच डिस्क बदलतात आणि पुन्हा निळी स्क्रीन बघतात. ड्रायव्हरची फाइल नुसती असून भागत नाही, विंडोजने तो एखाद्या चालू डिव्हाइसला लावलेला असावा लागतो. म्हणून मशीनला 1 जीबीची एक रिकामी डिस्क जोडा आणि फक्त तिचा बस प्रकार व्हर्टआयओ ठेवा. सीडी ड्राइव्हला व्हर्टआयओ-विनची, म्हणजे विंडोजसाठीच्या व्हर्टआयओ ड्रायव्हरांची, आयएसओ (सीडीची इमेज फाइल) लावा. मशीन सुरू केल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अदर डिव्हाइसेस’खाली पिवळ्या खुणेचा एससीएसआय कंट्रोलर दिसेल. त्यावर राइट क्लिक करून ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडा आणि सीडीवरचं व्हीआयओस्टोर फोल्डर दाखवा. त्यात विंडोज 10 चं 64 बिटचं वेगळं फोल्डर असतं. पिवळी खूण जाऊन ‘रेड हॅट व्हर्टआयओ’ने सुरू होणारं नाव आलं की काम झालं. नवी डिस्क इनिशियलाइज करायची का असं विंडोजने विचारलं तर सरळ कॅन्सल करा. तुम्ही साध्या व्हर्टआयओऐवजी व्हर्टआयओ-स्कझी (एससीएसआय) हा वेगळा प्रकार निवडणार असाल तर मात्र ड्रायव्हर व्हीआयओस्कझी हा लागतो आणि रिकामी डिस्कही त्याच कंट्रोलरवर जोडावी लागते. ही गल्लत फार होते.

मग शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. साध्या शटडाउनमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नलची जुनी स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते, आणि हार्डवेअर बदलताना ती नकोच. आता मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्या, बूट ऑर्डरमध्ये तीच पहिली आहे ना ते बघा आणि रिकामी डिस्क काढून टाका.

एवढं करूनही अडलं तर पुन्हा साटावर या, एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजच्या सिस्टिम कॉन्फिगरेशन टूलमध्ये) सेफ बूटवर टिक करा, शटडाउन करून डिस्क बदला. सेफ मोडमध्ये विंडोज बूटचे ड्रायव्हर नव्याने तपासून घेतं. ते नीट सुरू झालं की टिक काढायला विसरू नका, नाहीतर दरवेळी सेफ मोडच उघडेल.