विकल्या गेलेल्या वस्तूंची पानं पुसू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातली सुई खाली ठेवून लिहायला बसले. तुमचं हाताने बांधलेल्या वह्यांचं ऑनलाइन दुकान आहे, सहा महिने रोज रील टाकताय, फॉलोअर वाढलेत, पण गुगलवरून येणारी माणसं निम्म्यावर आली. आणि अगदी शेवटी तुम्ही लिहिलंय, "मध्यंतरी विकल्या गेलेल्या वह्यांची पानं काढून साइट स्वच्छ केली." बाकीच्यांनी रील आणि हॅशटॅगवर उत्तरं दिली आहेत. मला तुमचं दुखणं त्या शेवटच्या वाक्यात दिसतंय. हेच मी केलं होतं आणि त्यातून सावरायला मला जवळजवळ दीड वर्ष लागलं.

फोटो कसे काढावेत, वर्णन किती लिहावं, हे तुम्हाला येतच असणार. त्यात शिरत नाही.

माझं दुकान क्रोशाचं. पर्स, बाहुल्या, शाली. प्रत्येक नग वेगळा, कारण लोकरीची तीच छटा पुन्हा मिळेल याचा भरवसा नसतो. चार वर्षांत विकून झालेल्या वस्तूंची २०० च्या वर पानं साठली होती. तेव्हा साइट गुगलच्या शोधात वर आणण्याचं काम मी एका एजन्सीला दिलं. नाव विचारू नका, सांगणार नाही. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "दुकानात रिकामी फळी कोण ठेवतं? 'विकले गेले' वाचून गिऱ्हाईक माघारी जातं. ही मेलेली पानं आहेत, काढून टाकू." मला पटलं. ती पानं मलाही खुपत होती. एका दुपारी सगळी गेली.

त्या पानांवर कोण येतं, हे त्यांनी उघडून पाहिलं नाही आणि मीही पाहिलं नाही. नंतर आकडे काढले तेव्हा कळलं की गुगलवरून येणारी बहुतेक माणसं तिथेच उतरत होती. "बाळासाठी क्रोशाचा ससा", "लांब पट्ट्याची हिरवी क्रोशा पर्स" असं नेमकं टाइप करणारी माणसं. ससा विकलेला दिसला की ती लिहायची, असाच बनवून द्याल का? त्यातून ऑर्डरी यायच्या. माझ्या मुखपृष्ठावर ससा हा शब्दच नव्हता, मग गुगल त्यांना तिथे आणणार कसं? एकेका वस्तूचं नेमकं वर्णन असलेली ती पानं हीच माझी चार वर्षांची कमाई होती. वस्तू विकली गेली तरी शब्द आणि फोटो माझेच होते.

दुसरा फटका पिंटरेस्टवर, म्हणजे आवडलेले फोटो जपून ठेवायच्या साइटवर, बसला. रील दोन-चार दिवसांत खाली जाते, पण पिन, म्हणजे तिथे टाकलेला फोटो, वर्षानुवर्षं फिरत राहतो. कुणी आपल्या बोर्डवर, म्हणजे संग्रहात, ठेवतो, तिथून दुसरा उचलतो. माझ्या पिनमध्ये मूळ पानाचा पत्ता होता. पान गेल्यावरही माझ्या सशाचा फोटो लोक जपून ठेवत होते, आणि त्यावर क्लिक करणाऱ्या प्रत्येकाला ४०४, म्हणजे पान सापडत नाही, एवढंच दिसत होतं. दोन-तीन विणकाम करणाऱ्यांनी आपल्या लेखांतून माझ्या पानांचे दुवे दिले होते, तेही वाया गेले. असे दुवे मागून मिळत नाहीत हो.

तक्रार केली तर एजन्सीने सगळे जुने पत्ते एका झटक्यात मुखपृष्ठाकडे वळवले आणि प्रश्न सुटला म्हणून कळवलं. सुटला नव्हता. जुन्या पानाशी संबंध नसलेल्या पानाकडे वळवलं तर गुगल त्याला सॉफ्ट ४०४ धरतं, म्हणजे पान नसल्यातच जमा. आणि सशासाठी आलेल्या माणसाला समोर शाली दिसल्या तर तो थांबेल का? पुढचे कित्येक महिने मी एजन्सीकडे तक्रारीची तिकिटं टाकत होते आणि प्रत्येकाला एकच उत्तर येत होतं, अजून १५ दिवस वाट बघा. दर महिन्याला रंगीत आलेखांचा अहवाल मात्र वेळेवर यायचा. त्यात माझ्या पानांचे पत्ते नव्हते, ऑर्डरी नव्हत्या. याचा राग अजून गेलेला नाही. हाताने केलेलं काम विकणाऱ्या माणसाकडे घालवायला पैसे नसतात आणि वेळ तर त्याहून नसतो.

तुम्हीही एका एजन्सीशी बोलताय असं दिसलं, म्हणून दोन खुणा सांगते. गुगलवर पहिल्या क्रमांकाची हमी देत असतील तर तिथेच थांबा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतः लिहून ठेवलंय. दुसरं, 'मेटा कीवर्ड भरून देऊ' (पानाच्या कोडमध्ये न दिसणारे शोधशब्द) हे कामाच्या यादीत असेल तर त्याचे पैसे देऊ नका. क्रमवारीसाठी आम्ही ते वापरत नाही, असं गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलंय. माझ्या यादीत ते पहिल्या ओळीत होतं. सगळ्याच एजन्सी अशा असतात असं माझं म्हणणं नाही. चांगली माणसं आधी तुमचे आकडे मागतात.

आता दुरुस्ती. मी तंत्रज्ञ नाही आणि तुमची साइट कशावर आहे हे मला माहीत नाही, तेव्हा पर्यायांची नावं थोडी इकडेतिकडे होतील.

आधी माझा अंदाज खरा आहे का ते तपासा. सर्च कन्सोल या गुगलच्या मोफत साधनात परफॉर्मन्सच्या अहवालात पानांची यादी उघडा आणि साफसफाईच्या आधीचे तीन महिने नंतरच्या तीन महिन्यांशी ताडून बघा. घसरण साफसफाईनंतर सुरू झाली असेल आणि गेलेले क्लिक त्याच पानांचे असतील तर कारण सापडलं. आधीपासूनच उतरण असेल तर कारण दुसरं आहे आणि माझं हे लांबलचक पुराण सोडून द्या. हे काम पुढे ढकलू नका, तिथे फक्त १६ महिन्यांचीच माहिती राहते. मी उशिरा जागी झाले आणि सुरुवातीचे आकडे हातचे गेले. यादी उतरवून घेताना १००० ओळीच मिळतात, आपल्यासारख्यांना त्या पुरतात.

ज्या पानांना क्लिक होते ती आधी परत आणा, अगदी त्याच पत्त्यावर. एक अक्षर बदललं तरी तो नवा पत्ता होतो. मजकूर हाताशी नसेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, जिथे जुन्या पानांच्या प्रती साठवलेल्या असतात, जुना पत्ता टाकून बघा. माझी बरीचशी वर्णनं मी तिथूनच उतरवून घेतली. सगळी नाही मिळाली. सशाचं मिळालं. पान परत उभं राहिलं की सर्च कन्सोलमधून ते पुन्हा तपासायची विनंती टाका. रोज थोड्याच विनंत्या घेतात, म्हणून महत्त्वाची पानं आधी.

विकलेल्या वस्तूच्या पानावर काय असावं, यावर माझं मत पक्कं आहे. सगळ्यात वर, स्पष्ट शब्दांत, ही विकली गेली. लगेच खाली, अशीच हवी असेल तर बनवायला किती दिवस लागतात आणि विचारायचं कुठे. त्याखाली आत्ता विक्रीला असलेल्या जवळच्या दोन-तीन वस्तू. नग शून्य झाला की गुगलसाठीची 'उपलब्ध नाही' ही खूण बहुतेक दुकानप्रणाली स्वतःच बदलतात, तरी एकदा खात्री करा. रिकामी फळी खुपत असेल तर विक्रीच्या यादीतून वस्तू लपवा आणि 'आधीचं काम' असं वेगळं दालन करून सगळी जुनी पानं तिथून जोडा. कुठूनच दुवा नसलेलं पान हळूहळू विसरलं जातं.

सगळंच जपून ठेवा असंही नाही. एकाच वहीची पाच रंगांतली पाच पानं असतील आणि त्यांना ना क्लिक ना दुवे, तर एक चांगलं पान करा आणि बाकीचे पत्ते ३०१ ने, म्हणजे कायमच्या वळणाने, तिकडे वळवा. हे वळण किमान एक वर्ष ठेवा असं गुगल सांगतं. मी तर काढणारच नाही, कारण जुने पिन कधी कुणाच्या हाती येतील सांगता येत नाही.

रीलबद्दल विचारलंय म्हणून सांगते, रोज टाकायची गरज नाही. हे माझं मत, इतरांचा अनुभव वेगळा असेल. इन्स्टाग्रामच्या मजकुरात दिलेल्या दुव्यावर क्लिक होत नाही, त्यामुळे बघणारे बघतात आणि पुढे सरकतात. मी आठवड्याला दोन करते आणि वाचलेल्या वेळात त्याच फोटोंचे पिन करते. प्रत्येक पिनचा दुवा त्या वस्तूच्या पानावर जातो, मुखपृष्ठावर नाही.

अजून एक. तुमच्या वहीचं 'सांजवेळ' हे नाव सुंदर आहे, पण ते कुणी शोधत नाही. शीर्षकात आधी 'चामडी वेष्टनाची कोऱ्या पानांची वही' लिहा, मग सांजवेळ. हे शब्द गिऱ्हाइकांच्या निरोपांतूनच उचला. मी वर्षभर 'क्रॉसबॉडी' लिहीत होते आणि मला विचारणारी प्रत्येक बाई 'लांब पट्ट्याची' म्हणत होती. क्रोशा, क्रोशे, क्रोशिया असे तिन्ही उच्चार लोक टाइप करतात, म्हणून वर्णनात सहज बसेल तिथे तिन्ही येऊ देते. ओढूनताणून मात्र नाही, ते वाचणाऱ्याला लगेच कळतं.

पण यातलं काहीही करण्याआधी मला एक सांगा, तुम्ही लिहिलेलं 'मध्यंतरी' म्हणजे नक्की किती दिवसांपूर्वी? साइट वर्डप्रेसवर असेल तर कचरापेटीतली पानं तिथे ठरलेल्या व्यवस्थेप्रमाणे ३० दिवसांनी आपोआप कायमची पुसली जातात. त्याआधी परत आणलीत तर मजकूर, फोटो आणि पत्ता, सगळं बहुधा जसंच्या तसं मिळेल. आत्ता जाऊन कचरापेटी उघडून बघा आणि काय दिसतं ते इथे लिहा. मी उद्या सकाळी परत येऊन वाचते.