‘अंगाने लहान आहे’ आणि इतर प्रश्न

मुलांच्या फुटबॉल संघांच्या निवड चाचण्यांचा मोसम सुरू झाला की पत्रांचा ढीग लागतो. वेगवेगळे पालक, वेगवेगळे प्रशिक्षक, पण गोंधळ बहुतेक वेळा तोच. म्हणून यावेळी सगळ्यांना एकत्रच उत्तरं देते.

मुलगा ९ वर्षांचा आहे. दोन चाचण्यांत निवड झाली नाही. फुटबॉल सोडून दुसरं काही बघावं का?

नाही. दुसरा खेळ जोडीला जरूर खेळू द्या, पण नापास झाला म्हणून नव्हे.

मुलगी १० वर्षांची आणि वर्गात सगळ्यात उंच. प्रत्येक संघ तिला गोलकीपरच करतो. हे योग्य आहे का?

या वयात कुणालाच एका जागेवर खिळवू नये. आळीपाळीने सगळ्या जागी खेळवा, असं प्रशिक्षकांना स्पष्ट सांगा.

मुलगा बॉल न पाडता दोनशे वेळा उडवतो, सरावाच्या कोनमधून (प्लॅस्टिकच्या शंकूंमधून) झपाट्याने ड्रिबल करतो, म्हणजे बॉल पायाशी ठेवून पळतो. तरी निवड नाही. निवडकर्ते नेमकं काय बघतात?

कोन बॉल हिसकावायला येत नाही, अडचण तिथेच आहे. बॉल उडवता येणं चांगलंच, पण मी मुलांना चारास चार किंवा पाचास पाच खेळवते आणि बघत बसते. बॉल पायाशी येण्याआधी त्याने मान वळवून आजूबाजूला पाहिलं का? पहिल्या स्पर्शात बॉल मोकळ्या जागेकडे नेला, की नुसता थांबवला? बॉल गेल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहिला, की मागे धावला? एका चाचणीवरून मी स्वतःसुद्धा ठाम मत देत नाही. ज्यांनी नाकारलं त्यांनाच विचारा, काय कमी पडलं? नीट सांगणारा प्रशिक्षक भेटला तर तो धरून ठेवा.

मुलगा साडेबारा वर्षांचा, जन्म डिसेंबरचा. खेळाची समज चांगली आहे असं सगळे म्हणतात, पण ‘अंगाने लहान आहे’ म्हणून संघातून काढलं. उंची वाढवणारी पावडर सुरू करू का? की आणखी व्यायाम?

पावडर आधी कचऱ्यात टाका. मग पुढचं वाचा, जरा लांब आहे.

फिफाच्या वयोगट स्पर्धांत आणि अनेक देशांत वयाची सीमा १ जानेवारी असते. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात. दहा वर्षांच्या मुलाला अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा! १९८५ मध्ये कॅनडातल्या आइस हॉकीत संशोधकांनी हे दाखवून दिलं की निवडलेल्या मुलांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी असते. पुढे फुटबॉलमध्येही तेच दिसलं. सीमेची तारीख बदलली की ही गर्दीही नव्या तारखेमागे सरकते. प्रतिभा काही जानेवारीत जास्त जन्माला येत नाही.

हा झाला कॅलेंडरचा घोळ. त्याहून मोठा घोळ शरीराचा. मुलांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींची बाराव्याच्या. त्या काळात मुलगा वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर वाढू शकतो. पण ही सरासरी आहे. कुणाचं हे बाराव्या वर्षी होऊन जातं, कुणाचं सोळाव्यापर्यंत लांबतं. एकाच संघात ओठांवर मिसरूड फुटलेला आणि दुधाचे दात नुकते पडलेला, दोघेही बाराचे. पहिला दुसऱ्याला खांद्याने ढकलून गोल करतो आणि आपण टाळ्या वाजवतो. आपण त्याचं कौशल्य मोजलेलं नसतं, त्याच्या वाढीचं वेळापत्रक मोजलेलं असतं. यात त्याचंही नुकसान आहे, हे त्याच्या पालकांच्या ध्यानात येत नाही. ढकलून भागतंय म्हणून तो पासिंग शिकतच नाही, आणि सोळाव्या वर्षी बाकीचे उंचीत त्याला गाठतात.

उपाय आहेत. बेल्जियमच्या महासंघाने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळे राष्ट्रीय संघ चालवले. इंग्लंडच्या अकादम्यांत काही स्पर्धा जन्मतारखेऐवजी शारीरिक वाढीच्या टप्प्यानुसार गट पाडून होतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर मी प्रत्येक प्रशिक्षकाला सांगते. निवडकर्त्यांना मुलांच्या जन्मतारखा नुसत्या कागदावर दिल्या, काही फरक पडला नाही. पण वयाच्या क्रमाने जर्सी क्रमांक दिल्यावर मोठ्या मुलांकडचा कल नाहीसा झाला. खर्च काय? सकाळी बिब (सरावात वरून घालायच्या क्रमांकाच्या बंड्या) वाटताना पाच मिनिटं!

तुमच्यासाठी एवढंच: संघातल्या इतर मुलांचे जन्ममहिने विचारा आणि मुलाला पुन्हा कधी बघणार तेही विचारा. दोन्हींना उत्तर नसेल तर दुसरा संघ शोधा. दर तीन महिन्यांनी उंची त्याच भिंतीवर मोजून तारखेसह लिहा. वर्षभर उंची फारशी हललीच नाही, तर ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. मेस्सीचं उदाहरण कुणी देईलच. त्याच्या शरीरात वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असल्याचं डॉक्टरांनी निदान केलं होतं आणि उपचारही डॉक्टरांचेच होते, डब्यातली पावडर नव्हे. फ्रान्सचा स्टार फुटबॉलपटू ग्रीझमान, त्याला फ्रान्समधल्या अनेक क्लबांनी लहान चणीमुळे नाकारलं, हेही खरं. मात्र त्यावरून तुमचा मुलगा ग्रीझमान होईल, असं मी म्हणणार नाही. व्यायाम वाढवायचा असेल तर आधी प्रशिक्षक आणि फिजिओला विचारा.

समोरच्या संघातली मुलं चौदाची वाटतात, कागदावर बारा. खरं वय तपासायला मनगटाचा एमआरआय करायची मागणी करू का?

बाराव्या वर्षी त्याचा उपयोग नाही. फिफाने २००९ पासून १७ वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकात ही तपासणी वापरली, कारण ती फक्त त्या वयाच्या आसपास काही सांगू शकते. बारा वर्षांच्या मुलाचं खरं वय त्यातून कळत नाही. मिसरुडावरून तर नाहीच, वरचं उत्तर पुन्हा वाचा. कागदपत्रांची ठोस शंका असेल तर आयोजकांकडे लेखी द्या. मैदानावर एखाद्या पोराला खोटारडा म्हणू नका.

गालाच्या आतल्या नमुन्यावरून जनुकीय चाचणी करून मुलगा फॉरवर्ड होईल की डिफेंडर ते सांगतात म्हणे. ओळखीच्या दोघांनी केली. करावी का?

करू नका. खेळातली प्रतिभा ओळखायला अशा चाचण्यांचा काहीही उपयोग नाही, असं तज्ज्ञांच्या गटाने २०१५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये एकमताने मांडलं आहे. ओळखीच्या दोघांना जाड अहवाल मिळाला असेल. विकत घेतलेला अहवाल नेहमीच छान दिसतो.

एक एजंट १४ वर्षांच्या मुलाला परदेशी क्लबमध्ये ‘हमखास’ घेऊन देतो म्हणतोय. आगाऊ रक्कम मागतो आहे.

‘हमखास’ हा शब्द ऐकलात तिथेच उठायला हवं होतं. फिफाच्या नियमांनुसार १८ वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत, उदाहरणार्थ पालक फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर. आपल्या राष्ट्रीय महासंघाला लेखी विचारा आणि उत्तर हातात येईपर्यंत रुपयाही देऊ नका. दिला असेल तर वकिलाला भेटा.

मुलगा १२ वर्षांचा. सहा आठवड्यांपासून टाच दुखते, लंगडतो. पुढच्या रविवारी चाचणी आहे. पेनकिलर देऊन खेळवलं तर चालेल का?

चालणार नाही. सहा आठवडे! या वयात वाढीच्या टप्प्यावर टाचेच्या हाडाला, किंवा गुडघ्याखाली स्नायूचा दोर (टेंडन) हाडाला जोडला जातो तिथे, ताण येणं नेहमीचं आहे आणि वेळेवर लक्ष दिलं तर बहुधा विश्रांती व व्यायामाने बरं होतं. पण ते तेच आहे की आणखी काही, हे पत्रावरून मीच काय, कुणीही सांगू नये. लंगडणाऱ्या मुलाला या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आयोजकांना फोन करून दुसरी तारीख मागा. समजदार आयोजक देतात. देत नसतील तर तिथे निवड झाली नाही म्हणून काही बिघडत नाही.

चाचणीच्या दिवशी पालकांनी बाहेरून सूचना द्याव्यात का?

नाही.