तपासणी दोघांचीही हवी

प्रश्न : माझे वय 31 असून दोन वर्षांपासून आम्ही मुलासाठी प्रयत्न करत आहोत. माझी पाळी नियमित आहे. थायरॉईड, सोनोग्राफी आणि गर्भनलिकांचा एक्स-रे यांचे अहवाल चांगले आले आहेत. आता सासूबाई ‘दुर्बिणीची तपासणी करून घे’ म्हणतात. यजमान तंबाखू खातात, पण ‘माझ्यात दोष नाही’ असे म्हणून वीर्यतपासणी टाळतात. काय करावे?

उत्तर : यजमानांची तपासणी होईपर्यंत दुर्बिणीचा विचारही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भूल देऊन करायची शस्त्रक्रिया आधी आणि सुईसुद्धा न टोचणारी तपासणी नंतर, हा क्रम आपल्यावर अन्याय करणारा आहे. वर्षभर नियमित संबंध येऊनही दिवस राहिले नाहीत (पत्नीने पस्तिशी ओलांडली असल्यास सहा महिन्यांत), तर दोघांच्या तपासण्या एकदमच सुरू व्हायला हव्यात. कारण अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा काही ना काही वाटा असतो.

संबंधात कसलीही अडचण नसलेल्या धडधाकट पुरुषाच्या वीर्यातही शुक्रजंतू कमी असू शकतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. हे यजमानांना डॉक्टरांनी एकांतात सांगितले, तर त्यांच्या मनातली भीती कमी होईल. ती भीती खरी असते, तिची हेटाळणी करू नये. तपासणीपूर्वी 2 ते 7 दिवस वीर्यस्खलन टाळावे लागते. लॅबमध्ये नमुना देण्याचा संकोच वाटत असल्यास, लॅबला आधी विचारून तो घरी घेता येतो. मात्र डबी अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात पोहोचवावी आणि त्यासाठी साधा निरोध वापरू नये, कारण त्यातील वंगणाने शुक्रजंतूंना अपाय होतो.

पहिला अहवाल मनासारखा आला नाही, तरी खचून जाऊ नये. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने मध्यंतरी येऊन गेलेल्या जोराच्या तापाची छायाही अहवालात दिसते. म्हणून साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. शुक्रजंतू अजिबातच आढळले नाहीत, तर मात्र न थांबता मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवावे. तंबाखू आजच सोडावी. व्यायामशाळेत कोणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने देत असेल तर ती घेऊ नयेत. त्यांनी शुक्रजंतूंची निर्मिती थांबू शकते.

आपण फोलिक ॲसिडची रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करावी आणि पुढच्या भेटीला दोघांनी मिळून जावे.