पहिलं उड्डाण: उतारू म्हणून की हातात कंट्रोल घेऊन?

प्रश्न : वय ६३, मुक्काम नाशिक. मुलगा अमेरिकेत मिलवॉकीला असतो. जुलैत आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय आणि त्याने ऑशकॉशच्या विमानमेळ्याची तिकिटं काढून ठेवली आहेत. शाळेत असताना ओझरची मिग विमानं डोक्यावरून जायची, तेव्हापासूनचं वेड आहे. पण छोट्या विमानात कधी बसलो नाही. तिथे बसायला मिळेल का? कसारा घाटात मला मळमळतं, बीपीची गोळी चालू आहे आणि सौ.चा साफ विरोध आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मिळेल, आणि बसाच. फक्त मेळा आणि उड्डाण एकाच दिवशी उरकू नका.

मेळ्यात पैसे भरून फेऱ्या मारता येतात. १९२९ सालचं तीन इंजिनांचं फोर्ड ट्रायमोटर बहुतेक वर्षी असतं, बेल ४७ हेलिकॉप्टर असतं. मजा येते, पण तिथे तुम्ही नुसते उतारू. इतक्या वर्षांचं वेड असेल तर पहिल्याच खेपेला कंट्रोल हातात घ्यावा, असं माझं मत. मुलाला सांगा, घराजवळच्या फ्लाइंग स्कूलमध्ये ‘डिस्कव्हरी फ्लाइट’ बुक कर. साधारण दीडशे ते अडीचशे डॉलर पडतात. शेजारी इन्स्ट्रक्टर, दोन्ही बाजूंना कंट्रोल आणि तुम्ही डावीकडे, म्हणजे पायलटच्या जागेवर. लायसन्ससाठी शिकायचं तर परदेशी माणसाला तिथे वेगळा व्हिसा आणि सुरक्षा-मंजुरी लागते. अशा एका हौशी फेरीला ती भानगड नाही. फोनवर वजन विचारतील, खरं सांगा. छोट्या विमानात त्यावर हिशेब असतो.

वेळ सकाळची पहिली घ्या. ऊन चढलं, जमीन तापली की गरम हवा वर उठते आणि विमान हिसके देतं; मळमळ त्यानेच होते. पोट अगदी रिकामं नको आणि मिसळही नको. नजर लांब क्षितिजावर ठेवा, मोबाइल खिशात. घाटात घेता ती गोळी घ्यायची तर बीपीच्या गोळीसोबत चालेल का, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. तिने झोप येते, आणि एवढे पैसे भरून पेंगायचं म्हणजे काय!

निघण्यापूर्वी इन्स्ट्रक्टर पंखाखाली वाकून एका पारदर्शक नळीत थोडं पेट्रोल काढेल. जवळ जाऊन बघा. रंग फिकट निळा असतो. पाणी शिरलं असेल तर तळाशी वेगळं दिसतं. माझी सगळी नोकरी सांताक्रूझच्या हँगरमध्ये गेली, त्यामुळे मला उड्डाणाइतकंच हे बघायला आवडतं. सौ.ना मुद्दाम तिथे उभं करा. विरोध निम्मा तिथेच गळेल.

आता मेळा. ही हौस तुमच्या मुलाच्याच गावातली: १९५३ साली मिलवॉकीत घरी विमानं बांधणाऱ्यांनी संघटना काढली, आणि १९७० पासून मेळा ऑशकॉशला भरतो. हल्ली आठवड्यात सहा लाखांवर माणसं आणि दहा हजारांच्या आसपास विमानं येतात. दुपारच्या कसरती सगळेच बघतात. तुम्ही सकाळी लवकर घरी बांधलेल्या विमानांच्या रांगेत जा. मालक पंखाशी खुर्ची टाकून बसलेला असतो. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं, असा तिथला नियम. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटबद्दल एक प्रश्न विचारा, तो तासभर सोडणार नाही. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत गच्चीवर विमान बांधलं आणि २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’त मांडलं, तेव्हा केवढं नवल वाटलं होतं! तिथे तशा विमानांच्या रांगाच्या रांगा लागतात.

गाडी असेल तर फिस्क या खेड्यातही डोकावून या. मेळ्याला येणारी विमानं रिपन गावाहून रेल्वेचे रूळ धरून एकामागून एक तिथे येतात. जमिनीवर दुर्बीण घेऊन बसलेले कंट्रोलर, म्हणजे विमानांना वाट दाखवणारे, रेडिओवर रंग-आकार सांगून हाक मारतात, ‘पंख हलव’ म्हणतात. पायलट बोलत नाही, विमान डावी-उजवीकडे डोलवतो, की लगेच पुढच्याला हाक. हे मला कसरतींपेक्षा जास्त आवडतं.

बूट जुने, पायात बसलेले घाला. पाऊस झाला की मैदानाचा चिखल होतो. २०१०च्या मेळ्याला लोक अजून ‘स्लॉशकॉश’ म्हणतात; ‘स्लॉश’ म्हणजे चिखलपाण्यात पचपच.

परतल्यावर चटक लागलीच, तर पावसाळा सरल्यावर कामशेतला पॅराग्लायडिंगची टँडम, म्हणजे पायलटसोबत जोडीने, उडी घ्या. हडपसरला ग्लायडिंग, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांचं, सेंटर आहे, पण फेऱ्या चालू आहेत का हे फोन करूनच निघा. मुलाला मात्र डिस्कव्हरी फ्लाइटचं आजच कळवा. मेळ्याच्या आठवड्यात त्या भागातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये सकाळच्या वेळा लवकर भरतात.