पाडापाडीआधी जुन्या फाउंड्रीची नोंद कशी करावी?

तुम्ही विचारलंय की नागपुरातली एक बंद पडलेली बिडाची फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) महिन्याभरात पाडणार आहेत, तुम्ही तिघे आहात, हाताशी टेप, लेझर मीटर आणि मोबाईल आहे, तर इमारतींची नोंद कशी करायची.

भिंतींपासून सुरुवात करू नका. भिंत शेवटच्या दिवसापर्यंत उभी असते, सुटं लोखंड मात्र भंगारवाला आधी उचलतो. पहिले दोन दिवस लॅडल (वितळलेलं बीड वाहायचं भांडं), मोल्डिंग बॉक्स (वाळूचा साचा भरायची चौकट), क्रेनचे रूळ, शाफ्टचे (यंत्रं फिरवणाऱ्या दांड्याचे) ब्रॅकेट आणि लाकडी पॅटर्न (ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो नमुना) यांना द्या. वस्तू जागेवरून हलायच्या आत क्रमांकाची चिठ्ठी आणि मापाची पट्टी ठेवून फोटो काढा. बीड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तयार भागापेक्षा तेवढा मोठा असतो. वहीत माप पॅटर्नचं आहे की ओतीव भागाचं, हे लिहाच.

क्युपोला, म्हणजे बीड वितळवायची उभी भट्टी, तिला पुरता एक दिवस लागेल. बाहेरचा व्यास, हवा आत येण्याच्या तोंडांची संख्या आणि तळापासूनची उंची, माल टाकायच्या दाराची उंची, खालच्या झडपा. आतला व्यास एकाच ठिकाणी मोजून भागत नाही. हवेच्या तोंडांच्या जरा वर आच सर्वांत जास्त, अस्तराच्या विटा तिथेच झिजतात. दर ३० सेंटिमीटरवर माप घेतलं की झिजेचा आकार कागदावर उतरतो. आत डोकं घालू नका, सैल विटा वरून पडतात. काजळीवर लेझर नीट परतत नाही, तिथे काठीला पांढरा पुठ्ठा लावून धरा.

आता शेड. लांबी मोजताना टेपचा शून्य एका टोकाला ठेवा आणि प्रत्येक खांबाचं माप त्याच शून्यापासून चढतं लिहा. गाळे (दोन खांबांमधली अंतरं) सुटे मोजून बेरीज केली की १२ गाळ्यांत प्रत्येकी १ सेंटिमीटरची चूक साचत जाते. उन्हाने स्टीलचा टेप वाढतो हे खरं, पण ३० मीटरला ३० अंशांमागे फार तर १ सेंटिमीटर. १:१०० च्या नकाशात तो फरक दिसतही नाही. दोन्ही कर्ण मात्र मोजाच. १८ बाय ९ मीटरची शेड काटकोनी असेल तर दोन्ही कर्ण २०.१२ मीटर येतात. एक जास्त, एक कमी आला तर शेड तिरकी आहे आणि ती तशीच काढायची.

मापं मीटरसोबत फूट-इंचातही लिहा. ३.६६ मीटर वाचून काही कळत नाही, १२ फूट म्हटलं की बांधणाऱ्याचा हिशेब दिसतो.

जमीन उंच-सखल असते, म्हणून सगळ्या उंच्या भिंतीवर आखलेल्या एकाच आडव्या रेषेपासून मोजा. ती रेषा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने आखा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते. कैचीवर (छप्पर पेलणाऱ्या तिकोनी सांगाड्यावर) चढू नका, खालून लेझरने उंची घ्या, समोरून फोटो काढा आणि सांध्यावरचे रिव्हेट मोजा. सिमेंटचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, ते फोडू नका.

तुळईवर, खांबावर कारखान्याचं नाव उमटलेलं असेल तर तारेचा ब्रश लावू नका. अंधारात टॉर्च भिंतीला समांतर धरा, चुन्याखालची अक्षरं सावलीने उठून येतात.

जागेचा नकाशा आणि मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयात मागा. कारखाना १९४८ च्या कायद्याखाली नोंदलेला असेल तर मंजूर आराखडा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात मिळतो का, तेही विचारा. जुना मोल्डर (साचे भरणारा कामगार) भेटला तर त्याला घरी नाही, शेडमध्येच विचारा: लॅडल कुठून कुठे जायचं, वाळू कुठे चाळायचे. तो दाखवेल त्या वाटा नकाशावर तुटक रेषेने काढा.

जागेवर पेन्सिलने भरलेली, काजळी लागलेली ती कच्ची वही फेअर नकाशा झाल्यावर टाकू नका. नकाशात पुढे चूक निघाली तर ती तिच्यातूनच सापडते.