२२ आठवड्यांची गरोदर असताना ११ किलोच्या मुलाला कडेवर घ्यावे का?

तुमचा प्रश्न मी असा समजले आहे: तुम्हाला बाविसावा आठवडा सुरू आहे, मोठा मुलगा पावणेदोन वर्षांचा व ११ किलो वजनाचा आहे, शिरपूरला दुसऱ्या मजल्यावर राहता, लिफ्ट नाही आणि यजमान दिवसभर कामावर असतात. सासूबाई म्हणतात, मुलाला उचललेस तर पोटातल्या बाळाला इजा होईल. शेजारची बाई म्हणते, काही होत नाही, आम्ही तर शेतातली कामे केली. या दोघींच्या मध्ये तो हात वर करून रडत उभा असतो.

मी भुसावळला फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि चार वर्षांपूर्वी मी स्वतः याच अवस्थेत होते, फक्त माझी मोठी मुलगी तुमच्या मुलापेक्षा किलोभराने हलकी होती. माझे उत्तर असे, की गरोदरपण सुरळीत असेल आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली नसेल, तर मुलाला उचलण्यास हरकत नाही. मात्र त्याला कुठून उचलता, कसे उचलता आणि दिवसातून किती वेळा उचलता, या तिन्ही गोष्टी आता बदलाव्या लागतील.

त्याआधी एक काम करा. अठराव्या ते विसाव्या आठवड्यात झालेल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट फाइलमधून काढा आणि त्यात वार (प्लासेंटा) कुठे आहे ते पाहा. वार खाली, गर्भपिशवीच्या तोंडाशी असल्याचे लिहिलेले असेल, गर्भपिशवीचे तोंड आखूड असेल किंवा त्याला टाका घातलेला असेल, या गरोदरपणात रक्तस्राव झालेला असेल, आधीचे बाळ वेळेच्या बरेच आधी जन्मलेले असेल किंवा पोटात जुळी असतील, तर माझे पुढचे लिखाण बाजूला ठेवा आणि उचलण्याबद्दल फक्त तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे ऐका. एवढ्या आठवड्यांत खाली दिसलेली वार पुढे बहुतेक जणींमध्ये वर सरकते, म्हणून साधारण बत्तिसाव्या आठवड्याला पुन्हा सोनोग्राफी करतात. पण तोवर धोका पत्करू नये. हिमोग्लोबिन फार कमी असून उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तरीही मुलाला घेऊन उभे राहू नका, कारण तिथे भीती वजनाची नसून पडण्याची असते.

सासूबाईंची भीती कुठून येते ते मला समजते. आमच्याकडेही 'पोरले उचलू नको व माय' हे वाक्य दिवसातून चारदा कानांवर पडत असे. पूर्वी एखादीचा गर्भ टिकला नाही, की त्या आठवड्यात तिने जे काही उचलले असेल त्यावर खापर फुटायचे. प्रत्यक्षात पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भातील गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात आणि त्यांचा कडेवरच्या मुलाशी काहीही संबंध नसतो. बाळ पाण्याच्या पिशवीत, गर्भपिशवीच्या जाड स्नायूच्या आत असते. मुलाने मांडीवर बसताना गुडघा लावला किंवा झोपेत पाय मारला, तर त्याने बाळाला सहसा काही होत नाही, दुखते ते आईला. बाराव्या आठवड्यापर्यंत तर गर्भपिशवी ओटीपोटाच्या हाडांच्या आतच असते. विसाव्या आठवड्याच्या सुमारास ती बेंबीपर्यंत येते, म्हणून आता तुम्हाला त्याचे धक्के अधिक जाणवू लागले असतील.

खरे नुकसान होते ते आईच्या कमरेचे आणि ओटीपोटाच्या सांध्यांचे. गरोदरपणातील संप्रेरकांमुळे सांधे बांधून ठेवणारे बंध सैल होतात, पोट पुढे आल्याने शरीराचा तोल पुढे जातो आणि कंबर आत वळून तो सावरत राहते. त्यात एक साधा हिशोब आहे. ११ किलोचे ओझे मणक्यापासून २० सेंटिमीटरवर धरले तर पाठीवर जो ताण येतो, त्याच्या अडीच पट ताण तेच ओझे ५० सेंटिमीटरवर धरल्याने येतो. पोट जसजसे वाढते तसतसे ते मुलाला आपोआप मणक्यापासून दूर ढकलते. त्यामुळे मुलाचे वजन तेवढेच राहिले तरी सातव्या महिन्यात तो तिसऱ्या महिन्यापेक्षा जड लागतो. हा तुमच्या मनाचा भास नव्हे.

किती किलोपर्यंत उचलावे, याचे आकडेही सांगते. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या अमेरिकेतील 'निओश' या सरकारी संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१३ मध्ये गरोदर कामगार स्त्रियांसाठी मर्यादा सुचवल्या. क्वचितच उचलायचे असेल आणि ओझे अंगाशी धरलेले असेल, तर विसाव्या आठवड्यापर्यंत सुमारे १६ किलो आणि त्यानंतर सुमारे १२ किलो, असे त्यांचे म्हणणे आहे. वारंवार उचलायचे असेल किंवा हात लांब करून उचलायचे असेल, तर ही मर्यादा बरीच खाली येते. नडगीच्या मध्याखालून आणि डोक्याच्या वर उचलणे टाळावे, असेही त्यांनी सांगितले. तुमचा मुलगा ११ किलोचा, म्हणजे मर्यादेच्या अगदी कडेला आहे. शिवाय ही मर्यादा खोक्यांसाठी आहे, आणि खोके कधी मागे अंग टाकून हंबरडा फोडत नाही.

इथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते आवश्यक आहे. ज्या घरात 'लेकराला उचलू नको' असे बजावले जाते, त्याच घरात नळाला पाणी आले की सून भरलेले हंडे उचलते आणि कोणी हूं की चूं करत नाही. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे भांड्याचे वजन सोडून १५ किलो, मुलापेक्षा चार किलो अधिक. आपल्या खान्देशात पाणी एक दिवसाआड, कुठे त्याहूनही उशिरा येते, त्यामुळे त्या दिवशी सगळे भरून ठेवण्याची घाई असते. कंबर मुलाचे ओझे आणि पाण्याचे ओझे वेगळे मोजत नाही. सासूबाईंना काळजी आहे, तर ती या कामात घेता येईल: हंडे, धान्याचे डबे, गॅसची टाकी आणि ओल्या कपड्यांची बादली दुसऱ्याने उचलावी, म्हणजे उरलेली ताकद मुलासाठी शिल्लक राहील. हे मी माझ्या सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या दोन दिवस काही बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी मोटारीला पाइप जोडून घेतला.

आता उचलण्याविषयी. जमिनीवरून उचलणे शक्य तितके बंद करा, हा सर्वांत मोठा बदल आहे. पावणेदोन वर्षांचे मूल पाटावर चढू शकते, पाटावरून बाजेवर चढू शकते; एकदा ते बाजेवर उभे राहिले की त्याचे बूड तुमच्या कमरेच्या उंचीला येते आणि तुम्हाला वाकावेच लागत नाही. बाजेजवळ एक पाट कायमचा ठेवा आणि आठवडाभर त्याचा खेळ करा. मुलगा 'घे' म्हणाला की 'आधी पाटावर चढ' असे म्हणायचे. चार-पाच दिवसांत तो रडत रडत का होईना, पण स्वतः पाटाकडे जाऊ लागेल.

जमिनीवरून उचलावेच लागले तर कमरेतून वाकू नका. एक पाय पुढे, एक मागे ठेवून गुडघ्यांत वाका. हवे तर मागचा गुडघा जमिनीला टेकवा. मुलाला आधी छातीशी ओढून घ्या, नंतरच उठा. उठताना श्वास रोखू नका, कारण श्वास रोखल्याने पोटातील दाब वाढून तो ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो. उठण्याच्या क्षणी तोंडाने फुंकर घालावी तसा श्वास सोडा आणि लघवी अडवताना आवळतो तसे खालचे स्नायू हलके आवळा. वळायचे असेल तर उठल्यावर पावले टाकून वळा, कमरेतून पिळ देऊन नव्हे.

हे सगळे मी रोज दहा जणींना शिकवत होते आणि तरीही माझ्याकडून चूक झाली. सातवा महिना होता, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी यावल तालुक्यात माहेरी गेले होते. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, भाचरे झोके घेत होती आणि माझी मुलगी त्याच्या समोरून धावली. मी ओट्यावरून उतरले, एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, आणि तशीच बाजूला वाकून तिला एका हाताने दंडाखालून उचलून वळले. जांघेच्या मध्यभागी, समोरच्या हाडाशी, कुणीतरी सुरी फिरवावी तशी कळ गेली. बाळाला काहीही झाले नव्हते, पण पुढचे तीन आठवडे मला कुशीवर वळताना, साडीचा परकर घालताना एका पायावर उभे राहताना आणि जिना चढताना तीच कळ येत राहिली. पाचापैकी साधारण एका गरोदर स्त्रीला ओटीपोटाच्या सांध्यांचे हे दुखणे होते. तुम्हाला तशी कळ आधीपासूनच येत असेल तर एका कडेवर मूल घेणे पूर्ण बंद करा, पाय जुळवून कुशीवर वळा आणि परकर किंवा सलवार खाली बसून घाला.

कडेवर घेण्याबद्दल लोकांचा समज असा असतो, की त्याने पोटावर भार येत नाही म्हणून ते सुरक्षित. पोटाच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पण एकाच कडेवर घेतले की कंबर एका बाजूला काढून उभे राहावे लागते आणि सैल झालेले सांधे वाकडे ताणले जातात. म्हणून कडेवर घेणे दोन-चार मिनिटांपुरते ठेवा आणि कड बदलत राहा. ओढणीने किंवा बाजारात मिळणाऱ्या पट्ट्यांनी मुलाला समोर बांधणे आता सोयीचे राहणार नाही. सातपुड्यातल्या बाया फडक्याच्या झोळीत मूल पाठीवर बांधून डोंगर चढतात, आणि पाठीवरचे ओझे पोटासाठी खरोखरच सोयीचे असते. परंतु ती सवय त्यांच्या अंगात मुरलेली आहे. ज्यांनी कधी मूल पाठीवर बांधलेले नाही, त्यांनी बाविसाव्या आठवड्यात, तेही एकटीने, तो प्रयोग करू नये.

दुसऱ्या मजल्याचा जिना हा तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत काळजीचा भाग वाटतो. पोटामुळे खालची पायरी दिसत नाही, कडेवर मूल असल्याने एक बाजू झाकली जाते आणि हात मोकळा राहत नाही. मुलाला बसून, एकेक पायरी घसरत उतरायला शिकवा. तुम्ही त्याच्या खालच्या पायरीवर, कठडा धरून थांबा. चढताना तो पुढे, तुम्ही मागे. यात दहा मिनिटे जातील, जाऊ द्या. ओल्या मोरीतून अंगाला साबण असलेल्या मुलाला उचलू नका. त्याला उभ्याउभ्या पुसा आणि चालत बाहेर येऊ द्या. पायातली गुळगुळीत झालेली स्लिपर टाकून द्या. उन्हाळ्यात दुपारी पारा ४५ च्या घरात गेला की पाणी कमी पडून चक्कर येते आणि पोटही कडक होऊ लागते, त्यामुळे दुपारी बारा ते चार या वेळात मुलाला घेऊन बाहेर पडूच नये. स्कूटीवर त्याला समोर उभे करून नेणेही आता थांबवा. ब्रेक दाबला की तो हँडलवर आदळतो आणि तुमचे पोट त्याच्यावर दाबले जाते.

मुलाला दर वेळी उचलूनच घ्यायला हवे असते असे नाही, त्याला तुम्ही जवळ हव्या असतात. तुम्ही भिंतीला पाठ टेकून बसलात आणि त्याला मांडीशेजारी ओढून घेतले, तर बऱ्याचदा त्याचे समाधान होते. 'पोटात बाळ आहे म्हणून घेत नाही' असे त्याला सांगू नका. पुढे येणाऱ्या भावंडाचा राग त्याच वाक्यातून सुरू होऊ शकतो. 'आईची कंबर दुखते, आपण बसून जवळ घेऊ' एवढे पुरे.

उचलल्यानंतर रक्त गेले, पाणी गेल्यासारखे वाटले, पोट ठरावीक अंतराने कडक होऊ लागले, पोटदुखी विश्रांतीने थांबली नाही किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट पाहू नका. पोटावर पडलात किंवा पोटाला जोराचा मार लागला, तर काही दुखत नसले तरी त्याच दिवशी तपासून घ्या. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शनची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा. रात्री गाडी नसेल तर १०२ किंवा १०८ ला फोन करा. एरवीच्या शंकांसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, तिथे हा प्रश्न जरूर विचारा.

एक गोष्ट आताच घरात बोलून ठेवा. सिझेरियन झाले तर पुढचे सहा आठवडे नवजात बाळापेक्षा जड काहीही उचलायचे नसते, आणि साधी प्रसूती झाली तरी सांधे पूर्ववत घट्ट व्हायला काही महिने जातात. त्या काळात तुमचा मुलगा दोन वर्षांचा असेल, १२ किलोच्या आसपास असेल आणि आजच्यापेक्षा जास्त हट्टाने हात वर करील. रात्री त्याला कोण घेईल, मोरीत कोण नेईल, जिन्यावरून कोण आणील, हे यजमानांशी आणि सासूबाईंशी सातव्या महिन्यातच ठरवा, आणि त्या माणसाच्या हातून जेवायची सवय त्याला आतापासून लावा.