नोव्हेना संपली, उत्तर नाही

प्रश्न : मुलाला बोटीवर नोकरी लागावी म्हणून दोन वर्षे प्रार्थना करते आहे. गोंयच्या सायबाची (संत फ्रान्सिस झेवियरची) नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, दोन्ही वर्षी केली. काहीच हालत नाही. आता प्रार्थनेला बसले की मन कोरडे पडते. माझी श्रद्धा कमी पडते का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : कोरडेपणावरून श्रद्धा मोजता येत नाही. आधी नोव्हेनाचेच पाहू. 24 नोव्हेंबरपासून फेस्ताच्या (सणाच्या) आदल्या दिवसापर्यंतचे हे नऊ दिवस म्हणजे काम होण्याची मुदत नव्हे. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंत, शिष्य यरुशलेमेत प्रार्थना करीत थांबले, त्यावरून नऊचा आकडा आला. नोव्हेना मुळात वाट पाहणाऱ्यांचीच. (वर्तमानपत्रात 'कृपा लाभली, आभार' अशा जाहिराती येतात. ज्यांना लाभली नाही, ते जाहिरात देत नाहीत.)

संत इग्नेशियस लोयोला यांच्या 1548 साली छापलेल्या 'आध्यात्मिक साधना'त अशा काळासाठी नेमके नियम आहेत. मन कोरडे असताना आधीचा निश्चय मोडायचा नाही. मिस्सा (चर्चमधली उपासना) सोडणे, नवस बदलणे, सगळे नंतर. आणि ठरल्या वेळेपेक्षा किंचित जास्त बसायचे. तुमची 20 मिनिटे असतील तर 22, कारण लवकर उठण्याची ओढ नेमकी याच वेळी लागते. पण एका तेर्साच्या (जपमाळेच्या प्रार्थनेच्या) जागी तीन करू नका. तो सौदा होतो आणि आठवड्याभरात सगळेच सुटते. आपली हयगय हे कोरडेपणाचे एक कारण ते देतात, पण एकमेव नाही. गोडी नसताना आपण किती टिकतो ते कळावे, आणि गोडी ही आपली कमाई नसून देणगी आहे हे उमगावे, ही दुसरी दोन. तेव्हा हयगय झाली का ते एकदा तपासा; रोज उकरत बसू नका.

त्या वेळात बायबलमधले स्तोत्र 13 मोठ्याने वाचा. सहाच ओव्या, पहिल्या दोनांत 'कोठवर?' चार वेळा येते. तिथे थांबून आपली तक्रार मुलाच्या नावासकट बोला. मग पुढची मागणी, शेवटी भरवसा. भरवशापर्यंत पोचता आले नाही तर स्तोत्र 88 घ्या. ते अंधारातच संपते, तरी बायबलमध्ये आहे.

खुणेसाठी बायबल कुठेही उघडून बोट ठेवू नका, भीतीच वाढते. घाईचे उदाहरण अब्राहामाचे. 75व्या वर्षी देवाकडून संततीचे वचन मिळाले, इसहाक 100व्या वर्षी झाला. मधल्या काळात दासी हागारेच्या पोटी मूल करून घेतले, तेव्हा तो 86चा. त्यानंतर देव त्याच्याशी बोलल्याची नोंद थेट 99व्या वर्षी. 'जागा पक्की' म्हणत आगाऊ पैसे मागणारा एजंट अशाच घाईवर जगतो. मुलाने अर्ज करत राहावे. प्रार्थना त्याच्या आड येत नाही.

प्रश्न : हे कुमसारात (फादरांपुढच्या पापकबुलीत) सांगावे का?

उत्तर : कोरडेपणा पाप नाही. शनिवारच्या रांगेत फादरांकडे पाच मिनिटेही नसतात; वेगळा अर्धा तास मागून घ्या. मात्र झोप, भूक, कामातला रस दोन आठवडे गेलेलाच असेल तर डॉक्टरांनाही दाखवा. बांबोळीला मनोविकारांचे सरकारी इस्पितळ आहे. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्यालाही देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले. देवाची ती मंद वाणी त्यानंतर, चाळीस दिवसांच्या चालीपलीकडे.